रविवारी रात्री नऊची मिस्सा

अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठाचं चॅपेल नाताळच्या दिवशी जवळजवळ रिकामं असतं. वर्षातल्या दोन सर्वांत मोठ्या सणांपैकी एक, आणि मुलं परीक्षा आटोपून घरी गेलेली. गावच्या चर्चमध्ये त्या रात्री बसायला जागा मिळत नाही. इथे मात्र गर्दी उसळते ती राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, जेव्हा कपाळाला राख लावतात. त्या दिवशी मिस्सेला, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या सामुदायिक उपासनेला, आलंच पाहिजे असा चर्चचा नियमसुद्धा नाही. आठवड्याचं गणितही असंच उलटं. रविवारची सकाळ बहुतेकांची झोपेत जाते आणि खरी मिस्सा होते रात्री नऊ किंवा दहाला.

ही दोन वेळापत्रकं, एक चर्चचं आणि एक विद्यापीठाचं, एकमेकांवर नीट बसत नाहीत. कॅम्पसवरच्या चॅपेलची सगळी गंमत आणि सगळी अडचण या न बसण्यात आहे. धर्मग्रामाच्या, म्हणजे गावच्या किंवा वस्तीच्या, चर्चमध्ये माणूस बाप्तिस्म्यापासून अंत्यविधीपर्यंत येत राहतो. कुठे बसायचं, कधी उठायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. विद्यापीठात दर चार वर्षांनी सगळा समुदायच बदलतो. त्यामुळे इथली वास्तू, इथल्या प्रथा आणि इथली तयारी करणारी माणसं यांना तेच शिक्षण दर ऑगस्टमध्ये पहिल्यापासून द्यावं लागतं. माझ्या मते कॅम्पसवरचं चॅपेल चांगलं की वाईट, हे ठरवताना ते किती सुंदर आहे याआधी हे विचारावं: अठरा वर्षांचं नवखं पोर रात्री नऊला आत आलं, तर कुणालाही न विचारता त्याला काय काय कळेल?

इंडियाना राज्यातलं नोत्र दाम विद्यापीठ या बाबतीत वेगळ्याच वाटेने गेलं. होली क्रॉस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी ते १८४२ मध्ये स्थापन केलं. १८७९ च्या एप्रिलमधल्या आगीत मुख्य इमारत जळाली आणि त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. तिच्यावरचा सोनेरी घुमट त्यानंतरचा. शेजारची सेक्रेड हार्ट बॅसिलिका, तिच्या फ्रान्समधल्या ल माँहून आलेल्या रंगीत काचा, लुइजी ग्रेगोरी यांची भित्तिचित्रं, हे सगळं पाहायला लोक लांबून येतात. पण मुलांची रोजची श्रद्धा बॅसिलिकेत कमी आणि वसतिगृहात जास्त घडते. तिथे पदवीच्या प्रत्येक वसतिगृहाला स्वतःचं चॅपेल आहे. जिना उतरून, पायात चपला तशाच, मुलं मिस्सेला येतात. डिलन हॉलमध्ये गुरुवारी रात्रीच्या मिस्सेनंतर मिल्कशेक देण्याची प्रथा आहे आणि इतर वसतिगृहांतली मुलंही तिला येतात. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी तासभर पाणी आणि औषध सोडून काही खायचं-प्यायचं नाही असा चर्चचा नियम आहे, म्हणून मिल्कशेक मिस्सेनंतरच.

अशा छोट्या चॅपेलची तयारी विद्यार्थीच करतात. वीस-पंचवीस मिनिटांचं काम, पण त्यात चुकायला पुष्कळ जागा. वेदीवर पांढरं वस्त्र आणि किमान दोन पेटत्या मेणबत्त्या. बाजूच्या लहान टेबलावर चषक, ओस्तींचं (मिस्सेतल्या पातळ गोल भाकरींचं) पात्र, द्राक्षारस आणि पाणी यांच्या दोन छोट्या सुरया, हात धुवायचं भांडं, टॉवेल. वाचनाचा ग्रंथ आधी उघडून त्या दिवसाची खूण घालून ठेवायची, कारण कोणत्या वर्षाची वाचनं हे पाहायचं राहिलं की वाचणारा मुलगा भलत्याच पानावर उभा राहतो. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात आणि त्यातलं नवं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं. सत्रपरीक्षांच्या धांदलीत नेमकं हेच निसटतं.

सगळ्यांत नाजूक हिशेब ओस्तींचा. लोकांना त्याच मिस्सेत पवित्र केलेल्या ओस्ती द्याव्यात, आधीच्या साठ्यातल्या नव्हे, अशी चर्चची अपेक्षा असते. धर्मग्रामात आकडा साधारण ठरलेला असतो. वसतिगृहात एका रविवारी चाळीस जण, तर पुढच्या रविवारी शंभर. म्हणून मिस्सा सुरू झाल्यावर डोकी मोजायची आणि अर्पणाआधी पात्रात भर घालायची. कमी पडल्या तर ओस्तींचे तुकडे करून वाटता येतात. उरल्या तर टॅबर्नॅकलमध्ये, म्हणजे पवित्र भाकर जपून ठेवायच्या कुलूपबंद पेटीत, ठेवता येतात. द्राक्षारसाचं तसं नाही. एकदा पवित्र झालेला रस ठेवता येत नाही, ओतता तर मुळीच येत नाही. तो तिथेच पिऊन संपवावा लागतो. म्हणून रस नेहमी हात राखून घ्यावा.

आणि मग धुणं. चषक पुसायची वस्त्रं थेट वॉशिंग मशीनमध्ये जात नाहीत. आधी ती साध्या पाण्यात खळबळून घ्यायची आणि ते पाणी साक्रारियममध्ये ओतायचं. साक्रारियम म्हणजे साक्रिस्तीतलं, चॅपेलच्या तयारीच्या खोलीतलं, असं वेगळं सिंक, ज्याची नळी गटाराला जोडलेली नसते, सरळ जमिनीत उतरते. वसतिगृहाच्या तळमजल्यावर, वर पाच मजले न्हाणीघरं असताना, अशी स्वतंत्र नळी मातीपर्यंत नेणं हे प्लंबिंगचं डोकेदुखीचं काम आहे, आणि आराखडा काढताना हे सिंक विसरलं जाण्याचा धोका कायम असतो. नसलं तर ते पाणी बाहेर नेऊन स्वच्छ मातीत ओतायचं, हाच मार्ग. जानेवारीत जमीन गोठलेली असताना तेही सोपं नाही. नव्या चॅपेलच्या बांधकाम समितीला एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी रंगीत काचांच्या आधी या सिंकबद्दल सांगेन.

दुसरी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे धूर. खोल्यांमध्ये मेणबत्ती लावायला बहुतेक ठिकाणी बंदी असते, चॅपेलला अपवाद. पण छताला लावलेलं धूरशोधक यंत्र धूप आणि आग यांत फरक करत नाही. धुपाच्या मिस्सेआधी सुरक्षा विभागाला कळवलं नाही, तर स्तोत्राच्या मध्यावर सगळं वसतिगृह लॉनवर येऊन उभं राहतं. नोत्र दामच्या ग्रोटोत, म्हणजे लूर्दच्या गुहेच्या १८९६ मध्ये उभारलेल्या लहान प्रतिकृतीत, परीक्षेच्या आणि फुटबॉल सामन्यांच्या आधी मेणबत्त्यांची इतकी दाटी होते की तिथे प्रश्न धुराचा कमी आणि एकत्र पेटलेल्या मेणाच्या उष्णतेचा जास्त. दोन मेणबत्त्यांमध्ये अंतर ठेवलेले स्टँड आणि वरचेवर उचलून नेलेले रिकामे पेले, ही तिथली खरी देखभाल.

राखेच्या बुधवारचंही एक सांगायला हवं. राख होते ती मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या पानांची. पानं पूर्ण वाळलेली हवीत. ती जाळून, वाटून, बारीक चाळणीतून काढायची. काही उत्साही हात त्यात पाणी मिसळून लगदा करतात, आणि तिथेच घात होतो. राखेत पाणी पडलं की क्षार सुटतो आणि कपाळाची त्वचा भाजू शकते. कोरडी राख लावावी किंवा थेंबभर तेलात कालवावी. दिवसभर वर्गात, प्रयोगशाळेत, जेवणघरात कपाळावर काळा क्रूस घेऊन फिरणारी मुलं दिसतात. या दिवशी गर्दी का होते, याचं एक उत्तर त्या दिसण्यात आहे असं मला वाटतं. एरवी कॅम्पसवर कोण श्रद्धावान आहे हे कळत नाही. त्या दिवशी कळतं, आणि आपण एकटे नाही हेही कळतं.

वेळापत्रकांच्या भांडणावर येशूसंघाने (जेझुइट धर्मगुरूंच्या संघाने) मात्र फार जुना आणि फार सुंदर तोडगा काढलेला आहे. पेंटेकॉस्टचा सण, पवित्र आत्म्याच्या अवतरणाचा, ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येतो, मे-जूनमध्ये. तोपर्यंत पदवीदान होऊन कॅम्पस ओस पडलेला असतो. ज्ञान आणि विवेक देणाऱ्या आत्म्याचा सण, आणि विद्यार्थीच नाहीत. पण शैक्षणिक वर्षाच्या आरंभी पवित्र आत्म्याची मिस्सा करण्याची येशूसंघीय परंपरा आहे, आणि ती थेट १५४८ पर्यंत, सिसिलीतल्या मेसिना इथल्या संघाच्या पहिल्या महाविद्यालयापर्यंत जाते. धर्मगुरूंची वस्त्रं लाल, प्राध्यापक आपापल्या झग्यांत मिरवणुकीने येतात, नवखी मुलं मागे. पेंटेकॉस्टचा लाल रंग असा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परत येतो.

प्रौढ वयात कॅथलिक होऊ इच्छिणाऱ्यांची दीक्षाही शैक्षणिक वर्षात बरोबर बसते. चौकशी आणि शिकवण शरदात सुरू, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी निवड, आणि ईस्टरच्या जागरण-मिस्सेत बाप्तिस्मा. ही मिस्सा अंधार पडल्याशिवाय सुरू करता येत नाही. बाहेर अग्नी पेटवायचा, त्यावरून नवी पास्का मेणबत्ती, तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली. इमारतीची खरी कसोटी या रात्री लागते: अग्नीपासून दारापर्यंत वाट आहे का, दारातून मेणबत्तीसकट मिरवणूक जाते का, बाप्तिस्म्याचं कुंड लोकांना दिसतं का, आणि सगळे दिवे एका बटणावर विझतात का. बाहेर पडायच्या मार्गाच्या पाट्या मात्र विझत नाहीत; त्या लाल-हिरव्या उजेडातच परमेश्वराच्या ज्योतीचं गीत गायलं जातं.

वास्तूकडे येताना मी सिएटल विद्यापीठाच्या संत इग्नेशियस चॅपेलपाशी जास्त वेळ थांबणार आहे, कारण वर विचारलेल्या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे दिसलेलं नाही. स्टीव्हन हॉल यांनी रचलेलं हे चॅपेल १९९७ मध्ये पूर्ण झालं. त्यांची कल्पना अशी: दगडी पेटीत उजेडाच्या सात बाटल्या. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेत सगळ्यांना एकच पद्धत लावलेली नाही, ज्याला जी मानवेल ती. म्हणून वेगवेगळ्या रंगांचे, वेगवेगळ्या आकारांचे उजेड एकाच छपराखाली.

पेटी मात्र अगदी स्वस्तातल्या तंत्राने बांधलेली आहे. गोदामं बांधताना भिंती जमिनीवर आडव्या ओततात आणि क्रेनने उभ्या करतात, तेच तंत्र. रंग मिसळलेल्या काँक्रीटचे एकवीस एकमेकांत अडकणारे भाग चॅपेलच्याच फरशीवर आणि शेजारच्या तळ्याच्या तळावर आडवे ओतले गेले आणि मग उचलून उभे केले. दोन भाग जिथे एकमेकांत अडकतात तिथेच खिडक्यांच्या जागा तयार झाल्या. क्रेनचे आकडे अडकवण्यासाठी ठेवलेल्या खाचा लपवल्या नाहीत. त्यांवर ब्राँझची झाकणं बसवली. भिंत कशी उभी राहिली हे भिंतच सांगते.

आता उजेड. सिएटलचं आकाश वर्षातला मोठा काळ ढगाळ. तिथे रंगीत काचेतून थेट ऊन आत आणायचा बेत केला असता तर कित्येक महिने काच मरगळलेली दिसली असती. हॉल यांनी खिडकीसमोर आत एक आडोसा उभा केला. त्याची आपल्याकडची बाजू पांढरट, आणि खिडकीकडची, आपल्याला न दिसणारी बाजू भडक रंगवलेली. उजेड त्या पाठीवर आपटतो आणि रंग घेऊन आजूबाजूच्या गिलाव्यावर पसरतो. आडोशालाच एक छोटी रंगीत काच, विरुद्ध रंगाची. मुख्य सभागृहात पूर्वेला पिवळा पसारा आणि निळी काच, पश्चिमेला निळा पसारा आणि पिवळी काच. गायकवृंदाकडे हिरव्यात लाल. पवित्र भाकरीच्या छोट्या चॅपेलमध्ये नारिंगीत जांभळी, आणि पापनिवेदनाच्या खोलीत नेमकं उलट, जांभळ्यात नारिंगी. ढग सरकला की रंग उजळतो, पुन्हा मंदावतो. रंगाचं मूळ दिसत नाही, म्हणून माणूस काचेकडे बघत बसत नाही. जिथे आहे तिथेच राहतो. गिलावाही हाताने खरवडून खडबडीत ठेवलेला आहे. गुळगुळीत भिंतीवर हाच रंग सपाट डाग दिसला असता.

नवख्याला ही इमारत कसं शिकवते पाहा. बाहेर आधी तळं आणि घंटेचा मनोरा. मग पिवळ्या सीडर लाकडाचं मोठं दार, त्यात लंबगोल भिंगं. आतल्या पायघडीवर विणलेलं आहे इग्नेशियस यांना कार्दोनेर नदीकाठी झालेलं दर्शन. इथवर साधा, बिनरंगाचा उजेड. रंग पुढे सुरू होतात. म्हणजे चालता चालता कळतं की आपण कुठून कुठे आलो. पवित्र भाकरीच्या चॅपेलच्या भिंतींवर मधमाश्यांचं मेण चढवलेलं आहे आणि तिथला अखंड दिवा एका माद्रोन झाडाच्या खोडाला टांगलेला आहे. हे काम लिंडा बोमाँ या कलाकाराचं. त्या मेणाच्या जवळ गेल्यावर माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. ‘शांतता राखा’ अशी पाटी लावावी लागत नाही.

रात्री हे सगळं उलटतं. आतले दिवे लागले की त्याच बाटल्यांतून रंग बाहेर, कॅम्पसवर पडतात. विद्यार्थ्यांची मिस्सा रात्रीची, हे हॉल यांनी आराखड्यातच धरलेलं होतं. रविवारी रात्री ग्रंथालयातून निघालेल्याला चॅपेल चालू आहे हे लांबूनच दिसतं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मिनेसोटातल्या कॉलेजव्हिलचं सेंट जॉन्स मठाचं चर्च. तिथले बेनेडिक्टाइन मठवासी आणि विद्यार्थी एकाच छताखाली प्रार्थना करतात. मार्सेल ब्रॉयर यांनी रचलेल्या या चर्चचं काम १९५८ मध्ये सुरू झालं आणि १९६१ मध्ये ते पवित्र केलं गेलं. घडी घातलेला कागद उभा राहतो तशा त्याच्या काँक्रीटच्या भिंती, घड्यांच्या जोरावर. उत्तरेची सगळी दर्शनी बाजू षट्‌कोनी खणांच्या रंगीत काचेची, ब्रॉनिस्लाव्ह बाक यांची. उत्तरेच्या काचेवर थेट ऊन पडणार नाही, ही अडचण उघड होती. तिच्यासमोर ११२ फूट उंचीचा काँक्रीटचा घंटापट उभा आहे. घंटा आणि क्रूस धरणं हे त्याचं एक काम, आणि दक्षिणेचं ऊन अंगावर घेऊन काचेकडे परत फेकणं हे दुसरं.

मला तिथली मांडणी त्याहून मोलाची वाटते. बाप्तिस्म्याचं कुंड प्रवेशापाशी, त्याला ओलांडूनच आत जायचं. आत खांब नजरेत येत नाहीत, वेदी सगळ्यांना दिसते, मठवासी तिच्यामागे अर्धगोलात आणि लोक पुढे. दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, १९६२ मध्ये सुरू झाली आणि उपासनेवरचा तिचा दस्तऐवज १९६३ च्या डिसेंबरमध्ये आला. म्हणजे लोकांनी मिस्सेत नुसतं बघू नये, भाग घ्यावा, ही गोष्ट कॉलेजव्हिलने आधीच बांधून ठेवली होती. यात योगायोग नाही. व्हर्जिल मिशेल यांनी १९२६ मध्ये त्याच मठातून उपासनेच्या नूतनीकरणाचं नियतकालिक सुरू केलं होतं. विचार आधी बत्तीस वर्षं मुरला, मग काँक्रीट ओतलं.

मिलवॉकीच्या मार्केट (Marquette) विद्यापीठात तर पंधराव्या शतकातलं चॅपेल आहे. मुळात ते फ्रान्समध्ये, ल्योंच्या दक्षिणेला शास-स्यूर-रोन या गावी होतं. १९२० च्या दशकात दगड दगड सुटा करून ते न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला आलं, पुढे पुन्हा सोडवून मिलवॉकीला. १९६६ मध्ये तिथे ते संत जोन ऑफ आर्कच्या नावाने खुलं झालं. आत एक दगड आहे. जोनने त्याचं चुंबन घेतलं आणि तेव्हापासून तो शेजारच्या दगडांहून गार राहिला, अशी आख्यायिका. येणारा प्रत्येक जण हात लावून पाहतो. असं चॅपेल हलवताना मोठं काम दगड वाहण्याचं नसतं. प्रत्येक दगडावर खूण, त्याची नोंद आणि रेखाचित्र, हे खरं काम. नोंद हरवली की उरतो तो दगडांचा ढीग. एक मात्र खरं, जुनी इमारत लहान आणि अरुंद, त्यामुळे तिथे मोजकीच माणसं मावतात. तिथली मिस्सा जवळची वाटते ती अर्धी त्या अडचणीमुळे.

नव्या चॅपेलांत बिघडतं ते बहुधा ‘बहुउद्देशीय’ या शब्दापाशी. घडीच्या खुर्च्या, चाकांवरची वेदी, मागे सरकता पडदा, दुपारी व्याख्यान आणि रात्री मिस्सा. वेदी एका जागी पक्की असावी, तिच्याभोवती फिरता यावं आणि लोकांकडे तोंड करून मिस्सा करता यावी, असं चर्चचं मार्गदर्शन सांगतं. ते नुसत्या शिस्तीसाठी नाही. वेदीला पवित्र तेलाचा अभिषेक होतो, भिंतींनाही चार किंवा बारा जागी तेल लागतं. अशी वस्तू व्याख्यानासाठी कोपऱ्यात ढकलली की चार वर्षांत विद्यार्थी काय शिकणार?

टॅबर्नॅकलचंही असंच. रात्री एक वाजता एकट्याने येऊन बसणाऱ्यासाठी ते आणि त्याच्याजवळचा अखंड दिवा महत्त्वाचे. मुख्य सभागृहाला कुलूप लागलं तरी तेवढा भाग विद्यार्थी-कार्डावर उघडेल अशी रचना हवी. सिएटलसारखं वेगळं छोटं चॅपेल त्यासाठी फार उपयोगी.

गालिचा हे दुसरं दुखणं. भाषणाला तासलेला, कमी घुमणारा आवाज लागतो; एका सेकंदाच्या आसपासचा घुमारा त्याला पुरे. समूहगायनाला आणि ऑर्गनला दोन सेकंद किंवा जास्त हवा. माइक चांगला ऐकू यावा म्हणून सगळीकडे गालिचा अंथरला की प्रत्येकाला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येतो, आणि स्वतःचा आवाज ऐकून विशीतली मुलं गाणं थांबवतात. गालिचा दाराशी ठेवावा, बाकांखाली फरशी उघडी असू द्यावी, आणि भाषणासाठी चांगले ध्वनिवर्धक घ्यावेत.

कॅथलिक विद्यापीठात येणारे सगळे कॅथलिक नसतात, हेही आराखड्यात दिसायला हवं. १७८९ चं जॉर्जटाउन हे देशातलं पहिलं कॅथलिक विद्यापीठ. त्याने १९९९ मध्ये पूर्ण वेळ इमाम नेमले. अशी नेमणूक करून एखादी रिकामी खोली दिली की भागत नाही. नमाजासाठी किब्ल्याची, म्हणजे मक्केची, दिशा, वुजूसाठी, म्हणजे नमाजाआधीच्या शुद्धीसाठी, पाय धुता येतील असा नळ, जोड्यांची जागा, शुक्रवारच्या गर्दीचा हिशेब, हे सगळं लागतं. चॅपेलमधला क्रूस झाकून तीच जागा सगळ्यांना वाटून देणं मला पटत नाही. त्यात कुणाचीच प्रार्थना नीट होत नाही. प्रत्येकाला स्वतःची, त्याच्या विधीला साजेशी जागा देणं खर्चिक असलं, तरी प्रामाणिक आहे.

दुरुस्तीची कामं उन्हाळ्यात निघतात, कारण तेव्हाच जागा मोकळी. काजळी धुणं, तळं उपसून तळ घासणं, बाकांचं पॉलिश, सगळं जून-जुलैत. ऑर्गनचा सूर मात्र तेव्हा लावून घेऊ नये. वातानुकूलन बंद असलेल्या तापलेल्या चॅपेलमध्ये साध्या नळ्यांचा सूर चढतो, जिभेच्या, म्हणजे आत कंप पावणारी पट्टी असलेल्या, नळ्यांचा जवळपास जागच्या जागी राहतो. त्या तापमानात दोन्ही जुळवून ठेवले, तर पवित्र आत्म्याच्या मिस्सेला थंड झालेल्या सभागृहात ते एकमेकांपासून फाटलेले निघतात. आधी दोन-तीन दिवस चॅपेल मिस्सेच्या तापमानाला आणून ठेवावं, मग सूर लावणाऱ्याला बोलवावं.